छोट्या इंजिन-बोटीचा ट्रिम आणि तोल: आधी वजन, मग उंची, मग पिन

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हापासून वडोदऱ्यातल्या काही सोसायट्यांनी आणि गणपती मंडळांनी स्वतःच्या छोट्या बोटी घेतल्या आहेत. बहुतेक बोटी बारा-तेरा फुटी, सपाट बुडाच्या, मागे १० ते १५ हॉर्सपॉवरचं इंजिन लटकवलेल्या. बोट पाण्यात पडली की पंधरा दिवसांत विचारणा होते: "बोट मागे बसते, नाक वर जातं, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. मोठं इंजिन घ्यायचं का?"

मोठं इंजिन घेऊ नका. ते जास्त जड असतं आणि मागेच लटकतं, म्हणजे दुखणं आहे तिथेच आणखी भार. मी पाहिलेल्या बोटींत इंजिन क्वचितच कमी पडत होतं. चुकत होता तो कामाचा क्रम. लोक आधी इंजिनाचा कोन ठरवणारी पिन हलवतात, मग पंखा बदलतात, मग पंख्यावरच्या आडव्या प्लेटवर प्लॅस्टिकचे पंख बसवतात, आणि पेट्रोलचा कॅन मात्र शेवटपर्यंत इंजिनाच्या पायाशी पडून असतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. मधला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्यातली मापं खोटी निघतात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

ट्रिम म्हणजे बोट पुढे-मागे कशी बसते ते. स्थिरता म्हणजे डावी-उजवीकडे कलल्यावर बोट परत सरळ होते की नाही ते. धावत्या बोटीचा ट्रिम इंजिनाच्या कोनानं थोडाफार सुधारता येतो. स्थिरतेचं तसं नाही. बोट तीच असेल तर वजन किती खाली आणि किती मध्यावर आहे, यावरच ती ठरते. इंजिनाची कुठलीही पिन कलणाऱ्या बोटीला सावरत नाही.

तरी दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. नाक वर गेलं की चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, म्हणून तो उभा राहतो किंवा मागच्या काठावर चढून बसतो. त्यानं वजन आणखी मागे जातं, नाक आणखी वर जातं, आणि तोल डळमळतो तो वेगळाच. ट्रिम नीट करायचा तो मुख्यतः यासाठी, की चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून पाणी दिसावं. वेगाचा फायदा त्यानंतरचा.

शब्दांपुरतं सांगतो. कोकणात बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो. मागची बाजू ती पिछाडी, इंजिन लटकतं ती उभी मागची फळी म्हणजे ट्रान्सम, आणि इंजिनात पंख्याच्या लगेच वर जे आडवं पान असतं ती प्लेट.

तयारी

पाच मीटरची टेप, मार्कर, बोटीच्या लांबीची सरळ ॲल्युमिनियम पट्टी, गवंड्याकडची (आपल्याकडे कडिया म्हणतात) पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी, इंजिनाचं मॅन्युअल, जीपीएस वेग दाखवणारा मोबाइल, आणि एक वही. वहीला पर्याय नाही. मी पहिली बोट लावली तेव्हा एकाच दुपारी कॅन पुढे नेला, पिन एक भोक सरकवली आणि इंजिन अर्धा इंच उचललं. बोट सुधारली, पण कशामुळे सुधारली ते कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बिघडली तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. एका वेळी एकच बदल करा, तो लिहा, मगच पुढचा.

चाचणीसाठी उभं (न वाहणारं), उघडं पाणी हवं. आजवा तलावाचं पाणी शहर पितं, तिथे परवानगीशिवाय इंजिन टाकू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, ती सरावाची जागा नव्हे. महीच्या पात्रात जाणार असाल तर स्थानिक परवानगी घ्या, आणि कडाणा धरणातून किंवा वणाकबोरीच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलंय का ते त्याच दिवशी सकाळी विचारा. सोडलं असेल तर पातळी चढते आणि प्रवाह बदलतो. इंजिनवाल्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते, तीही पाहून घ्या.

सावधान: चाचणीच्या प्रत्येक फेरीत प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट, आणि किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. इंजिन क्लॅम्पवर (पेचांनी ट्रान्समला आवळलेल्या पकडीवर) असेल तर त्याला एक सुरक्षा-दोरही हवा.

१. रिकामी बोट जमिनीवर तपासा

बोट उलटी करा आणि बुडाच्या शेवटच्या तीन-चार फुटांवर सरळ पट्टी लावा. पट्टी सगळीकडे टेकली पाहिजे. मागच्या कडेजवळ बूड खाली वळलेलं असेल तर बोट धावताना नाक दाबते. वर वळलेलं असेल तर नाक उचलते आणि उड्या मारते. पार्किंगमध्ये दोन विटांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या फायबर बोटीत हा बाक हमखास येतो. बाक असेल तर आधी फायबर कारागीर गाठा, पुढचे टप्पे नंतर. आणि यापुढे बोट ठेवताना ट्रान्समच्या बरोबर खाली आधार द्या.

मग वजन. दुहेरी तळ असलेल्या जुन्या बोटीत आतला फोम पाणी पितो आणि वरून काही दिसत नाही. ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, नंतर रिकामा ट्रेलर तोला, फरक काढा. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा बोट तीस-चाळीस किलो जड निघाली तर तळाची झाकणं उघडून आधी वाळवा. ते पाणी पिछाडीला साचलेलं असतं आणि तुम्ही पिनशी झगडत बसता.

२. उभ्या पाण्यात चार मापं घ्या

बोट पाण्यात सोडा. इंजिन, भरलेला कॅन, नांगर, दोर, वल्ही, सगळं रोजच्या जागी ठेवा. चालवणारा त्याच्या जागेवर बसू दे. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा: पुढे डावीकडे, पुढे उजवीकडे, मागे डावीकडे, मागे उजवीकडे. बोटीची तळफळी जमिनीवर सपाट असते असं गृहीत धरून लेव्हल नळी नाळेपासून पिछाडीपर्यंत लावा. मागचं टोक किती खाली आहे ते लगेच दिसतं.

डाव्या-उजव्या मापात दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर त्याचं कारण आत्ताच शोधा. बहुतेक वेळा बॅटरी एका बाजूला असते, किंवा इंजिन मध्यावर नसतं. ट्रान्समची रुंदी मोजून मध्यावर खूण करा आणि क्लॅम्प त्या खुणेवर आहे का बघा. डोळ्यांनी अंदाज बांधू नका.

तपासणी: मागच्या काठाचं पाण्यापासूनचं अंतर वहीत ठळक लिहा. इथून पुढे प्रत्येक बदलानंतर याच आकड्याकडे बघायचं आहे.

३. वजन मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निम्म्याहून अधिक तक्रारी या टप्प्यावरच मिटतात आणि खर्च जवळजवळ शून्य.

१५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ४५ ते ५० किलोचं असतं. हातात दांडी धरून चालवणारा माणूस ७५ किलोचा. १२ लिटरचा भरलेला कॅन १२ किलोच्या आसपास. म्हणजे १३५ किलो बोटीच्या शेवटच्या तीन फुटांत. पुढे कोणी नसेल तर नाक आकाशाकडे जाणारच.

पहिल्यांदा कॅन हलवा. लांब इंधननळी घेऊन तो मध्याच्या थोडा पुढे, तळावर, बरोबर मधल्या रेषेवर पट्ट्यानं बांधा. बारा किलोचा कॅन सहा फूट पुढे नेणं आणि ७२ किलोच्या माणसाला एक फूट पुढे सरकवणं, दोन्हीचा परिणाम सारखाच. नळीला पीळ पडू देऊ नका आणि ती कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी बाजूनं न्या. इंजिन चालू असताना कॅनच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हवा. लांब नळी लावल्यावर इंजिन बंद पडू लागलं तर आधी तोच बघा.

मग नांगर आणि साखळी पुढे, बॅटरी मध्यावर. दोर, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पेटी यांपैकी काहीही बाकावर नको, सगळं तळावर.

आता चालवणारा. दांडीला जोडायची लांब मूठ मिळते. ती लावली की तो ट्रान्समला चिकटून बसण्याऐवजी फूट-दीड फूट पुढे, मागच्या बाकाच्या मध्यावर बसू शकतो. एवढ्यावर नाक किती उतरतं ते पाहून मंडळाच्या मुलांचा विश्वास बसत नाही. इंजिनाच्या पंख्यामुळेही बोट किंचित डावीकडे कलते (मागून पाहिलं तर पंखा उजवीकडे फिरतो, बोट उलटा धक्का खाते), म्हणून चालवणारा एकटा असताना मध्याच्या जरा उजवीकडे बसला तर बरं.

दुसरा माणूस असेल तर तो पुढच्या बाकावर. नाळेच्या टोकावर बसून पाय बाहेर सोडायचे नाहीत. वेगात नाक दाबलं गेलं की बोट अचानक एका बाजूला ओढते आणि तो माणूस थेट पंख्याच्या वाटेवर पडतो.

सावधान, तळातलं पाणी: तेरा फुटी बोटीच्या तळात फक्त पाच सेंटीमीटर पाणी साचलं तर ते सुमारे २०० लिटर भरतं, म्हणजे २०० किलो. जवळजवळ तीन माणसं. ही तीन माणसं एका जागी बसत नाहीत. बोट डावीकडे कलली की सगळी डावीकडे धावतात, नाक उठलं की पिछाडीला. शांत वाटणारी बोट उलटते ती अशी. डबा आणि स्पंज बोटीत बांधलेले असू द्या, आणि निघण्याआधी तळ कोरडा करा.

मांडणी झाली की टप्पा २ मधली चार मापं पुन्हा घ्या. बोट उभी असताना पिछाडी किंचित खाली राहिली तर चालेल. नाळ खाली गेली तर मात्र तुम्ही अती केलंत. काही वजन परत मागे घ्या.

४. कलण्याची चाचणी

इंजिन बंद ठेवून काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात करा. एक माणूस तळाशी बसून हळूहळू एका काठाकडे सरकू दे. त्या बाजूचा काठ पाण्यापासून किती वर राहिला ते मोजा. मग दुसरा माणूस त्याच बाजूला. दोघं एका बाजूला आल्यावर काठ पाण्यापासून वीतभरही उरत नसेल, तर त्या बोटीत पुरात कुणाला बाजूनं उचलून घेता येणार नाही, हे आत्ताच समजून घ्या.

पुढे बोटीला हातानं हलका झोका द्या. ताठ बोट झटकन परत येते. ज्या बोटीचं वजन वर आहे ती सुस्तपणे कलते, थबकते, मग सावकाश येते. नवख्याला हा सुस्त झोका सुखाचा वाटतो आणि झटका देणारी बोट वाईट वाटते. खरं उलट आहे. झोका सुस्त असेल तर उंच बाक काढून टाका, सगळ्यांना खाली बसवा आणि पुन्हा बघा.

किती माणसं घ्यायची ते बोटीवरच्या पाटीवर असतं. पाटी नसेल तर लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ नं भागा: १३ गुणिले ५ म्हणजे ६५, भागिले १५ म्हणजे ४. चार माणसं, चालवणाऱ्यासकट, आणि तीही शांत पाण्यात. प्रवाह असेल तर एक कमी. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. "एकानं काय होतंय" असं कोणी म्हणालं तर तो आकडा त्याला सांगा.

५. इंजिनाची उंची

आता कुठे इंजिनाला हात लावायचा.

ट्रान्समच्या वरच्या कडेपासून बुडापर्यंतचं उभं अंतर मोजा. आखूड शाफ्टच्या (म्हणजे पाण्यात उतरणारा पाय आखूड असलेल्या) इंजिनाला ते साधारण १५ इंच लागतं, लांब शाफ्टला २०. लांब शाफ्टचं इंजिन पंधरा इंची ट्रान्समवर लटकवलेलं मी दोनदा पाहिलं आहे. इंजिन पाच इंच जास्त बुडतं, फवारे उडतात, दांडी जड होते आणि उथळ पाण्यात पंखा आधी आपटतो. तसं असेल तर बाकी सगळं थांबवून ट्रान्सम उंच करून घ्या किंवा इंजिन बदला.

शाफ्ट बरोबर असेल तर इंजिन उभं करून सरळ पट्टी बुडाला लावा आणि मागे प्लेटपर्यंत वाढवा. प्लेट बुडाच्या पातळीत, किंवा फार तर एक इंच खाली हवी. खोल असेल तर क्लॅम्पखाली कठीण लाकडाची पट्टी घालून पाव-पाव इंचानं उचला.

तपासणी: उचलल्यावर क्लॅम्पचे पेच ट्रान्समच्या लाकडावर पूर्ण बसतात का? अर्धे हवेत असतील तर पट्टी काढा. इंजिन चालू केल्यावर त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट बाहेर पडते का? धार तुटली तर इंजिन जास्त उचललं आहे किंवा पाणी आत घेणाऱ्या जाळीत जलपर्णी अडकली आहे. बंद करा, बघा, मगच पुढे.

६. पिन

ट्रान्समच्या कंसात चार-पाच भोकं असतात आणि एक आडवी पिन. पिन ट्रान्समकडे आत घेतली की नाक खाली, बाहेर काढली की नाक वर. ज्या भोकावर बोट धावत असताना प्लेट पाण्याच्या पृष्ठाला समांतर राहते ते भोक निवडून सुरुवात करा. बहुधा दुसरं किंवा तिसरं. इंजिन बंद करून, वर उचलून लॉक करूनच पिन बदला. चालू इंजिनावर हा प्रयोग करू नये.

७. धावून बघा

चालवणारा आणि पुढे एक माणूस. सरळ दोनशे मीटर जा, परत या. नदीत असाल तर प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर, दोन्ही वेग घेऊन सरासरी काढा. वहीत तीन गोष्टी लिहा: थ्रॉटल उघडल्यापासून बोट सपाट होईपर्यंतचे सेकंद, पूर्ण वेग, आणि बोट सपाट राहील असा सगळ्यात कमी वेग. तिसरी गोष्ट लोक लिहीत नाहीत, आणि पुराच्या गल्लीत तीच कामाची.

नाक बराच वेळ वर राहून मग उतरत असेल तर आधी टप्पा ३ कडे परत जा. वजनाचं सगळं करून झालं असेल तरच पिन एक भोक आत.

सपाट झाल्यावर नाक तालात वर-खाली आपटत असेल, बेडकासारखं, तर थ्रॉटल कमी करा, पिन एक भोक आत घ्या. तरीही थांबलं नाही तर बुडाचा बाक पुन्हा तपासा.

नाक पाण्यात घुसून दांडी हाताला ओढत असेल, वळताना बोट पुढच्या टोकावर फिरतेय असं वाटत असेल, तर पिन जास्त आत आहे. एक भोक बाहेर काढा. ही अवस्था दिसायला साधी आहे, पण यातच माणूस बाहेर फेकला जातो.

वळताना इंजिन एकदम ओरडलं आणि बोट मंदावली तर पंखा हवा खेचतो आहे. इंजिन पाव इंच खाली घ्या किंवा पिन आत. सपाट धावताना पुढच्या माणसाला मागे बघायला सांगा: प्लेट पाण्याच्या पृष्ठाला चाटून जाताना दिसली की उंची बरोबर.

सावधान: पूर्ण वेगातून थ्रॉटल एकदम बंद करू नका. मागून येणारी आपलीच लाट बसकी पिछाडी ओलांडून आत येते. आधी अर्धा, दोन श्वास, मग बंद.

८. शेवटची डागडुजी

दांडी सतत एका बाजूला ओढत असेल आणि तुमच्या इंजिनाला प्लेटखाली छोटा टॅब असेल, तर बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला टॅबचं मागचं टोक थोडं वळवा. थोडं म्हणजे दोन-तीन मिलिमीटर.

पंखा आत्ताच बघायचा, आधी नाही. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खाली राहत असतील तर कमी पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते माप). एक इंच पिच कमी केलं की फेरे साधारण १५० ते २०० नं वाढतात. माणसं भरून नेणाऱ्या बोटीला कमी पिचच बरं.

प्लेटवर बसवायचे प्लॅस्टिकचे पंख नाक खाली ठेवायला मदत करतात, हे खरं. पण त्यासाठी प्लेटला भोकं पाडावी लागतात आणि वॉरंटी जाऊ शकते. वरचं सगळं केलेल्या बोटीला ते लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

९. भरलेल्या बोटीनं पुन्हा

हे सगळं दोन माणसांवर जुळवलं. आता चार माणसं बसवून टप्पा २ ची मापं आणि टप्पा ७ ची एक फेरी, अर्ध्या थ्रॉटलवर. भरलेली बोट सपाट होत नसेल तर जबरदस्ती करू नका. नाक वर घेऊन अर्धवट वेगात ढकलण्यापेक्षा चालण्याच्या गतीनं न्या. लाट कमी उठते आणि लोकांच्या घरातही पाणी कमी शिरतं.

पुराच्या त्या दिवसांत आम्ही एका आजींना पहिल्या मजल्याच्या जिन्यातून घेत होतो. हात द्यायला तिघं एकदम त्याच बाजूला उठले. काठ पाण्याखाली गेला, ओंजळीनं नव्हे, बादलीनं पाणी आत आलं. मागचा मुलगा बसूनच दुसऱ्या काठावर झुकला म्हणून बोट राहिली. तेव्हापासून आमच्या बोटीत एकच माणूस हात देतो, गुडघ्यावर बसून. बाकीचे तळाशी, आणि चालवणारा नाव घेऊन सांगतो: "तू उजवीकडे सरक." आजी-आजोबा आधी बसतात, मग त्यांची पिशवी येते. पाण्यातल्या माणसाला घेताना इंजिन पूर्ण बंद; न्यूट्रल पुरत नाही.

जुळलेली मांडणी बोटीच्या आतच लिहून ठेवा. आमच्या बोटीत ऑइलपेंटनं तळावर कॅनची चौकट आखली आहे, बॅटरीची आखली आहे, मागच्या बाकावर चालवणाऱ्याची जागा रंगवली आहे, आणि ट्रान्समवर पिनच्या भोकाचा नंबर. रात्री अडीचला, टॉर्चच्या उजेडात, जो कोणी बोट काढेल त्याला सामान कुठे ठेवायचं ते विचारावं लागत नाही.